दंत्य

हरिपुरात हळदीची पेवं होती.
वरून बघितलं तर जमिनीत एक भोक,
माणूस अंग चोरून जाईल एवढं,
खाली घागरीच्या पोटासारखा अंधार
आणि शे-दोनशे पोती हळद.

हळद श्वास घेते, हे मला फार उशिरा कळलं.
कोंडलेल्या अंधारात ती वर्षभर श्वास घेत राहते,
माणसासाठी काही उरवत नाही.

म्हणून पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
जळत राहिला तर मग माणूस.
कंदील सोडायचं काम केराबाईचं.
चार आणे रोज, बसायला एक गोणपाट.
नवरा नाही, मूल नाही, जेवायची डाव्या हातानं.
तोवर हे कुणी मोजलं नव्हतं.

त्या दिवशी सात गाड्या जुंपून उभ्या.
आडत्या सारखा घड्याळ काढून बघत होता.
कंदील तीन हात खाली गेला, विझला.
तिनं वर घेतला, लावला, सोडला. विझला.
"शिदू, नको उतरूस.
आज उतरलास तर वर यायचा न्हाईस."

माझा बाप उतरला.

*

रात्री देवऋषी आला, मिरजेकडचा.
सुपात गहू टाकून मोजत बसला.
लोक बोलत होते.
फुंकर न घालता कंदील विझवला, तोही दोनदा.
मरण आधीच बोलून दाखवलं, काळ्या जिभेची.
मग मला पुढं ओढलं, आठ वर्षांची मी.
"तुज्या बाकडं बगून हिचं व्हट हललं का गं?"

हलले होते.
ती "नको" म्हणत होती.
मी म्हणाले, "हललं."

मी खोटं बोलले नाही.
हे वाक्य सत्तर वर्षं कनवटीला आहे,
कुलूप हरवलेल्या किल्लीसारखं.

*

चेटकिणीचे पुढचे दात पाडायचे,
म्हणजे तिला मंत्र उच्चारता येत नाही.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं, माहीत सगळ्यांना होतं.
चिंचेखाली. कोयत्याच्या मुठीनं.
पोलीस पाटील तासगावला गेला होता म्हणे;
त्याच्या सोप्यात दिवा होता, मी पाहिला.

पुढच्या हंगामात पेवं दोन दिवस आधी उघडून ठेवू लागले.
म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

*

चौथीत गुरुजींनी फळ्यावर लिहिलं
त थ द ध न
"जीभ वरच्या दातांना टेकवा. ही दंत्य अक्षरं."
अख्खा वर्ग टेकवत होता.
मी तोंड मिटून बसले, छडी खाल्ली.

कारण माझं नाव तानी.
आणि केराबाई संगमावर धुणं धुताना
मला बघून अजून हाक मारायची, सगळ्या बायांसमोर.
राग नव्हता त्या हाकेत. राग असता तर बरं झालं असतं.
त गळालेला, न गळालेला,
फटीतून नुसता वारा,
आणि वाऱ्यात जे उरायचं ते:
"आई."

बाया पदराआड हसायच्या.
वांझोटी बघा पोरीला आई म्हणते.
मी कधी ओ दिली नाही.

ती कधी गेली, कुठं गेली, कुणी सांगत नाही.
पुरात पेवं खचली.
जिथं बाप उतरला तिथं आता एकाचं गॅरेज आहे.

*

गेल्या महिन्यात माझे वरचे चार दात काढले.
सांगलीत, कॉलेज कॉर्नरजवळ, जिना चढून.
कागद भरणाऱ्या पोरीनं विचारलं, नाव?
सांगितलं.
ती म्हणाली, आईचं नाही आजी, तुमचं.
पुन्हा सांगितलं.
पुन्हा तेच.

कवळी तयार आहे म्हणून दोनदा फोन आला.
मी अजून गेले नाही.